चौकात थांबणारे शमुवेलकाका

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी शमुवेल भालेराव, वय अठ्ठावन्न, स्वतःच्या लग्नाला तासभर उशिरा पोहोचले. स्कूटरवर त्यांच्या मागं एक अनोळखी म्हातारा बसलेला होता.

शमुवेलकाका छावणीत आमच्याच गल्लीत राहतात. वाळूजच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. स्कूटर काढताना कुठं जायचं हे त्यांनाही माहीत नसतं. चौक आला की ते गाडी बंद करतात, पाय टेकवतात, डोळे मिटतात आणि कुठं वळायचं ते प्रभूला विचारतात. गाडी बंद का? "चालू गाडीत ऐकू येत नाय."

"काका, सिग्नल सुटला!" मागचा रिक्षावाला ओरडतो.

"सुटला व्हय. पण आदेश नाय आला."

आदेश आला की वळतात. वाटेत कुणी अडलेलं दिसलं की गाडी त्याच्यापुढं उभी करून एकच शब्द बोलतात : "बसा." शिफ्टची बस चुकलेले कामगार, औषधाची चिठ्ठी घेऊन दुकान शोधणाऱ्या बाया, सगळे बसतात. काका कुणाचं नाव विचारत नाहीत, भाडं घेत नाहीत.

आदेश एकदा चुकला होता. शहागंजात एका दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गृहस्थाला काकांनी वाळूजला नेऊन सोडलं. गृहस्थ अडलेले नव्हते. त्यांच्या पत्नी आत साड्या बघत होत्या. मग ते बसले कशाला, असं मी काकांना विचारलं.

"त्यांचीबी इच्छा दिसत होती," काका म्हणाले.

रूथबाईंची ओळखही स्कूटरवरच झाली. त्यांची बस चुकली होती. रूथबाई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या, लग्न केलं नव्हतं. काकांना होकार देताना त्यांनी एकच अट घातली.

"लग्नाच्या दिवशी घरातून निघायचं ते सरळ चर्चमध्ये यायचं. वाटेत कुणाला बसवलंत, तर मी आल्या पावली परत जाईन. जन्मभर मी मुलींना वेळेवर गेटच्या आत घेतलंय. या वयात दारात ताटकळणार नाही."

काकांनी मान्य केलं.

त्या शनिवारी रूथबाई पांढऱ्या साडीत चर्चच्या दारात तासभर ताटकळल्या. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ होता.

"ताई, चल घरी. लोक हसायलेत."

तेवढ्यात स्कूटर आली.

"अट काय होती?" रूथबाईंनी विचारलं.

"सरळच येत होतो. हे बाबा स्टँडवर उन्हात बसलेले दिसले."

"स्टँड वाटेत लागतं?"

"नाय. चौकात आदेश आला."

"मला कसा नाही आला?"

काकांनी म्हाताऱ्याला हात देऊन खाली उतरवलं.

म्हातारा अजिंठ्याकडचा होता. बायको सरकारी दवाखान्यात भरती होती आणि त्याला दवाखाना सापडत नव्हता. काका त्याला तिथं घेऊन गेले, पण भेटायची वेळ संध्याकाळची निघाली. म्हातारा सकाळपासून उपाशी होता. लग्नाचं जेवण होतंच, म्हणून काकांनी त्याला बरोबर आणलं.

भावानं रूथबाईंचा हात धरला. त्या फाटकाकडं वळल्या.

म्हातारा सावलीसाठी दारात सरकला. दाराच्या आत पाहुण्यांना बसवायला उभ्या असलेल्या मुलीला बाहेरचं काही माहीत नव्हतं. ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती तेच तिनं त्यालाही विचारलं.

"बाबा, मुलाकडचे की मुलीकडचे?"

म्हाताऱ्यानं काकांकडं बोट केलं. "ह्यांच्याकडचा हाय मी."

मुलीनं त्याला नेऊन उजवीकडच्या पहिल्या बाकावर बसवलं. तो बाक नवरदेवाच्या घरच्यांसाठी होता आणि तोपर्यंत रिकामा होता. काका मिशनच्या बोर्डिंगात वाढले. त्यांचं रक्ताचं कुणी नाही, हे मला लग्न लावणाऱ्या पाळकांकडून त्या दिवशी कळलं.

फाटकाशी थांबून रूथबाईंनी चर्चच्या उघड्या दारातून आत पाहिलं. लांब बाकावर म्हातारा एकटा बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन. त्यांनी भावाचा हात सोडवला आणि माघारी आल्या.

"पाळकसाहेब, मुलाकडची मंडळी आली," त्या म्हणाल्या. "सुरू करा."

पहिल्या गीताला म्हातारा सगळ्यांबरोबर उभा राहिला. टोपी काढायची की ठेवायची, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं ती काढून हातात धरली.