चार शेरांची उशी

मार्तंड गुरुजींना झोप येत नव्हती हे पूर्ण खरं नव्हतं. रात्री अंथरुणात येत नव्हती; दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान वर्गात येत होती. श्रावणात शिक्षण खात्याचे साहेब अचानक तपासणीला आले, तेव्हा तिसरीची मुलं सतराचा पाढा म्हणत होती आणि गुरुजी खुर्चीत झोपलेले होते. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'शिक्षक वर्गात झोपलेले आढळले. पुन्हा आढळल्यास बदली करावी.'

बदली कुठं, ते कळंबच्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं. वाशीच्या पलीकडे डोंगरात एक गाव होतं. ओढ्याला पाणी आलं की त्याची वाट बंद होई. गुरुजींच्या आई धुरपताबाई दम्याच्या होत्या आणि डॉक्टर कळंबात होते.

साहेब पुन्हा येणार ते दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी.

उपाय चालू होते. गुरुजींच्या पत्नी शिवकांता रोज रात्री काशाच्या वाटीनं त्यांचे तळपाय घाशीत. तळपाय चकचकीत झाले. जायफळ उगाळलेलं दूध झालं. मुख्याध्यापक आण्णासाहेबांनी हजारापासून उलटे अंक मोजायला सांगितले. गुरुजी शून्यापर्यंत पोचले आणि ऋण संख्या तिसरीला नसल्यामुळे तिथं थांबले.

तपासणीला आठ दिवस उरले असताना शाळेतले तरुण शिक्षक बिभीषण नळदुर्गच्या सासुरवाडीहून परतले, ते थेट गुरुजींच्या घरी आले.

"वैनी, इलाज घावला! आमच्या सासऱ्याच्या वळखीचे एक म्हातारे हकीमसाहेब हायेत. म्हणले, खस भरून उशी करा. चौथ्या दिवशी माणूस ढाराढूर."

"खस म्हणजे?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"खसखस. उर्दू बोलणारी मोठी माणसं. एकदा म्हणलं की भागतं त्यांचं, दोनदा कशाला म्हणतील?"

शिवकांताबाईंना हे पटेना. "खसखशीची उशी कुणी ऐकलीय का?"

"मोहरीची ऐकलीस न्हवं?" आतून धुरपताबाई म्हणाल्या. "तान्ह्या लेकराच्या डोक्याखाली मोहरीची उशी देतोच की आपुन. लेकराला मोहरी, बाप्याला खसखस. हकीम येडा हाय व्हय?"

उशीला चार शेर खसखस लागली. एका दुकानात एवढी नव्हती, म्हणून बिभीषण तीन दुकानं फिरले. मलमलीचे दोन पदर घेऊन शिवकांताबाईंनी बारीक टाक्यांनी उशी शिवली. त्या रात्री गुरुजींनी डोकं टेकलं. उशी 'सर्र' असा आवाज करून डोक्याच्या आकाराची झाली. गुरुजी साडेसात तास झोपले. दुसऱ्या रात्रीही साडेसात.

तिसऱ्या दिवशी आण्णासाहेबांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"शिवकांताबाई, अनारशाचं पीठ तयार हाय आणि गावात खसखशीचा दाणा न्हाय. दुकानदार म्हणतो, सगळी गुरुजींच्या उशीत गेली."

"अहो, पण ह्यांनी डोकं ठेवलंय त्याच्यावर."

"असू द्या की. तळणारच हाये."

मुख्याध्यापकांच्या पत्नीला नाही कसं म्हणायचं? उशीचा कोपरा उसवला, वाटी भरली, कोपरा पुन्हा शिवला. संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली आणि कोपरा शिवणं सोडून द्यावं लागलं. एकीला दिली म्हटल्यावर दुसरीला नाही म्हणता येईना. उशी पातळ होत गेली तशी गुरुजींची झोपही. साडेसाताचे पाच तास झाले, पाचाचे दोन. गुरुवारी रात्री उशीचं नुसतं फडकं उरलं होतं. गुरुजी चाळीस मिनिटं झोपले. शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ते खडूसकट फळ्याला टेकले.

आण्णासाहेबांनी ते खिडकीतून पाहिलं. घरी येऊन ते पत्नीला म्हणाले, "ती खसखस आत्ताच्या आत्ता परत दे. उद्या साहेब येतेत. मास्तर झोपला तर माझंबी नाव जाईल."

"कशी देऊ? अनारशाला चिकटलीय ती!"

गल्लीतल्या सगळ्याच घरांत ती चिकटलेली होती. शेवटी तिन्हीसांजेला आठ घरांतून अनारशांची आठ ताटं गुरुजींकडे आली. ताटांकडं पाहत गुरुजी म्हणाले, "ह्यांची उशी कशी व्हायची?"

"उशी कशाला?" धुरपताबाई म्हणाल्या. "भायेरून लागू पडती, ती आतून न्हाय पडायची व्हय? खा, मार्तंडा."

गुरुजींनी चौदा अनारसे खाल्ले. गुण खसखशीचा की तुपाचा हे ठरवता येणार नाही, कारण दोन्ही एकदमच पोटात गेलं. ते साडेआठला झोपले.

शनिवारी सकाळची शाळा होती. शिवकांताबाईंनी गुरुजींना पावणेसातला हाक मारली, सातला हलवलं, सव्वासातला तोंडावर पाणी मारलं. बिभीषणांनी शाळेची घंटा आणून कानाशी वाजवली. गुरुजींनी झोपेतच "दोन दिवस सुट्टी" असं म्हटलं आणि कूस बदलली.

आठला साहेब आले. तिसरीच्या वर्गात खुर्ची रिकामी होती.

"रजा?"

आण्णासाहेबांना खोटं सुचलं नाही. त्यांनी उशीपासून अनारशांपर्यंत सगळं सांगितलं. साहेब जुन्या हैदराबादेत शिकलेले होते.

"हेडमास्तर, खस म्हणजे वाळा. उन्हाळ्यात कचेरीच्या दाराला ज्याचे पडदे लावून पाणी मारतात ना, तो. हकिमानं वाळ्याची उशी सांगितली होती."

बिभीषण दाराआड होते, ते आणखी आड झाले.

"मला ते मास्तर बघायचेत," साहेब म्हणाले.

आण्णासाहेब त्यांना गुरुजींच्या घरी घेऊन निघाले. घोरणं गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येत होतं. शिवकांताबाई पदर सावरत ओसरीवर आल्या. "साहेब, पुन्हा एकदा उठवून बघते. नाही उठले तर... सासूबाईंना दमा आहे हो. तिकडं डोंगरात डॉक्टर नाही."

"नका उठवू."

साहेब ओसरीवर बसले. आतला आवाज त्यांनी पाचएक मिनिटं ऐकला. दुसऱ्याच्या ताटाकडं उपाशी माणूस बघतो, तसं ते आतल्या दाराकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती श्रावणात कुणी पाहिली नव्हती, कारण तेव्हा सगळे शेरेबुकाकडं बघत होते. मग त्यांनी शेरेबुक मांडीवर घेतलं, 'किरकोळ रजा मंजूर' असं लिहिलं आणि खाली एक ओळ घातली, 'शिक्षक वर्गात झोपलेले आढळले नाहीत.'

पेनाला टोपण लावून ते उठले. पायरीपाशी थांबले आणि आण्णासाहेब पुढं गेल्याची खात्री करून हलक्या आवाजात म्हणाले,

"बाई, त्यातला एखादा अनारसा उरलाय का?"