बिनविरोध, तरीही अटीतटीची

निवडणुकीला दोन गोष्टी लागतात, उमेदवार आणि मतदार. पैकी उमेदवार कुठेही, केव्हाही मिळतो. अडचण येते ती दुसऱ्या घटकाची, आणि लोकशाहीवर लिहिणाऱ्यांनी या घटकाकडे अक्षम्य दुर्लक्ष केलेले आहे.

संगणक व्यावसायिकांच्या संघटनेच्या कार्यकारिणीवर पुन्हा निवडून यायला उभ्या राहिलेल्या सन्माननीयांना हे सत्य जरा उशिराच कळले. (संघटनेच्या इतिवृत्तात प्रत्येक सदस्याच्या नावाआधी हा शब्द छापतात. यांनी तो मनावर घेतला, म्हणून लोकांनी यांचे तेच नाव पाडले.) दिवसा ते एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळत; तिथला साहेब त्यांच्या मुलीपेक्षा लहान होता. घरी त्यांची आठवण प्रिंटर अडकला की होई. महिन्यातून एकदा कार्यकारिणीच्या लांब टेबलाशी बसले, की मात्र समोर नावाची पाटी असे, पाण्याची बाटली असे, आणि 'सन्माननीयांना बोलू द्या' म्हणणारा अध्यक्ष असे. ती खुर्ची गेली तर आपण नुसते प्रिंटरवाले उरू, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्यांच्याविरुद्ध कोणीही उभे नव्हते. धोका त्यामुळेच गंभीर होता. नियम चौदा (ब) प्रमाणे बिनविरोध उमेदवारालाही किमान पन्नास मते लागत. नाहीतर जागा रिकामी राही. म्हणजे सन्माननीयांची लढत कोणाशीच नव्हती, आणि त्या लढतीत ते मागे होते.

कारण तीन वर्षांत त्यांनी एकच काम केले होते, आणि दुर्दैवाने ते उत्तम केले होते. 'उघडू नका, दाबू नका, सांगू नका' ही सुरक्षा मोहीम त्यांचीच. चार हजार दोनशे सदस्यांना ते अधूनमधून खोटा मेल धाडत आणि फसणाऱ्यांची मोजदाद करत. पहिल्या वर्षी फसले एकतीसशे. दुसऱ्या वर्षी चारशे. तिसऱ्या वर्षी सहा. (पैकी चार कार्यकारिणीचेच होते. सहाही जणांना प्रेमाने समज देण्यात आली; तेव्हापासून ते मेलच उघडत नाहीत.)

अशा जागृत वातावरणात मतदानाचा मेल गेला. विषय: 'तातडीचे! मुदत संपत आहे.' मजकूर: खालच्या लिंकवर जा, सदस्य क्रमांक आणि पासवर्ड भरा. मोहिमेच्या माहितीपत्रकात पान सातवर भामट्याच्या मेलचा नमुना म्हणून नेमका हाच मजकूर छापलेला होता. (तो गेल्या निवडणुकीच्या मेलवरूनच उतरवून घेतला होता.)

चार दिवसांत मते पडली शून्य. एवढी शिस्त संघटनेने कधी पाहिली नव्हती.

सन्माननीयांनी फोन उचलला आणि एका निवृत्त प्राध्यापकांना लावला.

"सर, मी बोलतोय. तेवढं मत देऊन टाका ना. लिंक आलीच असेल."

"वा! आवाज अगदी हुबेहूब काढलाय हो," प्राध्यापक कौतुकाने म्हणाले. "पण इथंच फसलात. खरे सन्माननीय असा फोन मेले तरी करणार नाहीत. त्यांनीच शिकवलंय आम्हाला."

असे त्यांना एकसष्ट जणांनी ब्लॉक केले. पाच जणांनी रीतसर तक्रार केली. तक्रारी मोहीमप्रमुखाकडे, म्हणजे त्यांच्याकडेच आल्या, आणि त्यांनी पाचही जणांना अभिनंदनाचे पत्र पाठवले. नियमच तसा होता.

शेवटच्या दिवशी त्यांनी घरात शब्द टाकला. बायको कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायची. संघटनेची जुनी सदस्य.

"अगं, निदान तू तरी मत दे."

"तुमचंच पान आठ वाचा. 'विनंती घरच्या माणसाची असली तरी खातरजमा करा.' आता ती करू कुणाकडे? तुमच्याकडेच ना?"

"अगं, मी खरंच मीच आहे!" सन्माननीय काकुळतीला आले.

"सगळे भामटे असंच म्हणतात," ती म्हणाली आणि पेपर तपासायला बसली.

उरले एक मत, स्वतःचे. त्यांनी मेल उघडला, बाण लिंकवर नेला आणि तिथेच थांबवला. पाच मिनिटे स्वतःशी झुंजून शेवटी त्यांनी 'संशयास्पद' हे बटण दाबले. मग ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. फार वाईट वाटत होते, आणि थोडा अभिमानही वाटत होता.

निवडणूक अधिकाऱ्यांनी निकाल वाचला: एकूण मते शून्य, बाद मते शून्य. जागा रिकामी म्हणून जाहीर करणार, तोच त्यांची नजर नियम चौदा (क) वर गेली. 'एकही मत न पडल्यास निवडणूक झालीच नाही असे समजावे, आणि ती होईपर्यंत जुने सदस्य कायम राहावेत.' एकोणपन्नास मते मिळाली असती तर सन्माननीय हरले असते. स्वतःचे एक दिले असते तरी हरले असते. शून्यावर ते दणदणीत टिकले.

कार्यकारिणीने यातून बोध घेतला. सन्माननीयांना तहहयात सदस्य करण्याचा ठराव झाला. कोणाची हरकत असल्यास आठ दिवसांत लिंकवर नोंदवावी, अन्यथा संमती समजण्यात येईल, असा मेल सर्वांना गेला. हरकती आल्या शून्य.

वाचक म्हणतील, आम्हाला काय त्याचे, आम्ही थोडेच सदस्य आहोत? आहात. गेल्या महिन्यात संघटनेने सरसकट सगळ्यांनाच सदस्य करून घेतले. नको असल्यास कळवा, असा मेल तुम्हालाही आला होता, आणि तुम्ही तो न उघडताच पुसून टाकलात. संमतीबद्दल संघटना आपली आभारी आहे.