बुरूज नवा, रिसॉर्ट जुनं

मंदाने कढईत बोंबील सोडले आणि तेवढ्यात नरहरी राऊत मागल्या दारातून ओरडत आला, "गॅस बंद कर! आपण गेलो!"

"तुमी जावा. माझे बोंबील जळतील," मंदा म्हणाली.

नरहरीच्या हातात मोबाईल होता. ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर पत्र आलं होतं. गुरुवारी नांदखारला दोन साहेब येणार होते, एकाच गाडीतून, कारण दुसरी गाडी बिघडली होती. पहिला वारसा खात्याचा. गावच्या किनाऱ्यावरचा पोर्तुगीजांच्या वेळचा बुरूज पाहून तो संरक्षित स्मारक करायचा की नाही, हे तो ठरवणार होता. दुसरा किनाऱ्यावरची बेकायदा बांधकामं शोधून पाडायला लावणारा.

पहिल्या साहेबासाठी नरहरीने स्वतः तीन वर्षं अर्ज केले होते. नांदखार पर्यटन विकास समितीचा तो अध्यक्ष. समितीत तो, त्याचा भाचा शैलेश आणि एक मयत सभासद असे तिघे होते, आणि ठराव कायम एकमताने पास व्हायचे. समितीने गावाचं माहितीपत्रकही छापलं होतं. त्यात 'पांढरीशुभ्र वाळू' होती. नांदखारची वाळू काळी आहे. 'उंटाची सफर' होती. उंट दोन वर्षांपूर्वी मालकासकट राजस्थानात गेला. बुरुजाचा इतिहास मोबाईलवरून जसाच्या तसा उतरवला होता. त्यात गडाच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नदीचं सुंदर वर्णन होतं. नांदखारला गड नाही, पायथा नाही, नदी तर नाहीच. पण वाचतो कोण? शनिवारी येणारा पाहुणा भरलेलं पापलेट आणि एसी विचारतो.

दुसऱ्या साहेबाला मात्र कुणीच बोलावलं नव्हतं. आणि पाडण्यासारखी गावात एकच गोष्ट होती: नरहरीचं 'रॉयल लाटा बीच रिसॉर्ट'. सुरूच्या बनात सहा खोल्या आणि एक जेवणघर. भरतीच्या रेषेला इतकं चिकटून की उधाणाला पाहुण्यांच्या चपला पोहायला निघायच्या. परवानगी एकाही विटेची नव्हती. वाडवडिलांची चिकूची वाडी विकून नरहरीने ते उभं केलं होतं. ते पडलं तर राऊतांच्या घरात चूल पेटायला दुसरं काही उरलं नव्हतं. म्हणून मंदानेही शेवटी गॅस बंद केला.

शैलेश बोईसरहून अर्ध्या तासात आला. तो कंत्राटदार. सालवडला कामगारांसाठी खोल्या बांधून बांधून, खिडकी नसलेली खोली हवेशीर म्हणून खपवण्याची कला त्याने कमावली होती.

"मामा, टेन्शन नाय. कायदा एक्क्याण्णवचा हाय. त्याच्या आधीचं बांधकाम असलं तर ते हात लावत नाय."

"अरे, आपलं एकोणीसचं हाय! दोन हजार एकोणीस!"

"ते तुमाला माहीत. भिंतीला कुठं माहीत हाय?"

मंदा म्हणाली, "याला लहानपणी मारायला हवा होता."

पण दुसरा मार्ग नव्हता. बायडीला बोलावण्यात आलं. बायडी माकुणसारच्या बाजूच्या पाड्यावरची. रिसॉर्टच्या खोल्या झाडायला यायची. स्वतःचं कुडाचं घर दरवर्षी ती स्वतः लिंपायची, आणि तिच्यासारखं लिंपण त्या पाड्यात कुणाचं नव्हतं.

"बायडी, ही भिंत शंभर वर्षांची करायची," शैलेश म्हणाला.

बायडीने भिंतीवरून हात फिरवला. "कवापावत?"

"गुरुवारपर्यंत."

"शंभर नाय व्हायची. ऐंशी करतंय."

तिने माती, शेण आणि भाताचा तूस कालवला. मंदाच्या धुराड्याची काजळी त्यात मिसळली. विहिरीतलं शेवाळ खरवडून ताकात घोळलं आणि भिंतीच्या सांध्यासांध्यात भरलं. एसीच्या पेट्या झावळ्यांखाली गेल्या. 'वाय-फाय फुकट' ही पाटी खाली उतरली. दोन दिवसांत रिसॉर्ट इतकं म्हातारं झालं की नरहरीला आत जाताना आपोआप खोकला यायला लागला.

"तुझं घर किती जुनं गं, बायडी?" मंदाने सहज विचारलं.

"माझे आजेसासऱ्यानं बांधलां. पन फॉरेस्टवालं बोलतं, काल बांधलाय, तोड." बायडी लिंपता लिंपता म्हणाली. "त्याला शेवाळ नाय ना लावला मी."

मंदाने काजळीचं घमेलं तिच्याकडे सरकवलं.

इकडे बुरुजाचं काम शैलेशने स्वतःकडे घेतलं. साहेब बघायला येणार म्हटल्यावर बुरूज असा कळकट ठेवायचा? आपल्याकडे जुन्या वस्तूवर प्रेम जडलं की तिला टाइल्स लागतात. गावच्या देवीचं सागवानी खांबांचं देऊळ असंच प्रेमाने मोडलं होतं. आता तिथे देवी न्हाणीघरात बसल्यासारखी दिसते, आणि लोक म्हणतात, छान जीर्णोद्धार झाला. बुरुजावर चारशे वर्षांचा पिंपळ, निवडुंग आणि करवंदाची जाळी होती. शैलेशने ती दीड दिवसात साफ केली. मग सिमेंटचा गिलावा. मग गुलाबी ऑइल पेंट. कमरेपर्यंत टाइल्स, म्हणजे पाहुणे पान खाऊन थुंकले तर पुसता येतं. वर स्टीलचं रेलिंग, दोन्ही बाजूंना फायबरचे डॉल्फिन आणि समोर माणसाएवढ्या लाल अक्षरांत 'आय लव्ह नांदखार'.

मंदा बघायला आली. "बुरूज हाय का लग्नाचा हॉल?"

"मामी, ह्याला हेरिटेज लुक बोलतात."

गुरुवारी अकरा वाजता गाडी आली. आधी उतरला वारशाचा साहेब, अनुज. तरुण, खांद्याला झोळी, झोळीत दाढीचा असावा तसा एक ब्रश. मागून उतरले किनारपट्टीचे नागोराव. निवृत्तीला दोन वर्षं, दोन्ही गुडघे दुखरे, हातात मोजायची टेप आणि टॅब.

नरहरी हार घेऊन पुढे झाला. "या साहेब. अनुजसाहेब, तुमी हिकडं, बुरुजाकडं. नागोरावसाहेब, तुमी..."

"आमचं काम आम्हाला कळतं," नागोराव म्हणाले. त्यांनी एकदा किनाऱ्यावरून नजर फिरवली. सुरूच्या बनात काहीतरी काळंमळकट पडीक दिसत होतं. आणि उघड्यावर, उन्हात, गुलाबी काहीतरी चकाकत होतं. ते तडक गुलाबीकडे निघाले. अनुजसाहेब तडक पडीककडे.

नरहरी मध्ये उभा. दोन्ही हातांत दोन हार.

आधी तो बुरुजाकडे धावला, कारण तिथे टेप उलगडल्याचा आवाज आला होता. "साहेब, हा बुरूज! चारशे वर्षांचा!"

नागोरावांनी टॅबवर उपग्रहाचा जुना फोटो उघडला. "हे बघा. या जागी नुसती झुडपं. बांधकाम नाही."

"झुडपांच्या आत बुरूज होता साहेब!"

"फोटोत दिसतो?"

"फोटो वरून काढलाय ना!"

"मग वरून दिसायला पाहिजे." नागोरावांनी टाइलवर बोट वाजवलं. "ह्या कधी बसवल्या?"

नरहरी गडबडला. "मंगळवारी."

"बांधकाम मंगळवारचं," नागोरावांनी लिहून घेतलं. "अहो, लाज वाटत नाही? ऐतिहासिक वास्तूच्या शेजारी असले गुलाबी धंदे करायला?"

"कुठली ऐतिहासिक वास्तू?" नरहरीने विचारलं, आणि सुरूच्या बनाकडून आरोळी आली.

"शिंपले! चुन्यात शिंपले आहेत!"

अनुजसाहेब जेवणघराच्या भिंतीशी गुडघ्यावर बसले होते. ब्रशने लिंपण बाजूला करून त्यांनी आतला सांधा उघडा केला होता, आणि त्यात खरोखरच शिंपले होते. का असणार नाहीत? रिसॉर्टची सगळी वाळू नरहरीने किनाऱ्यावरूनच ट्रॅक्टर भरभरून चोरली होती. सिमेंट दिसलं असतं तर साहेब सावध झाला असता. पण शैलेशने सिमेंट इतकं कमी घातलं होतं की शोधूनही सापडलं नसतं.

"आणि पाया बघा, पाया! हे दगड! ह्या छिन्नीच्या खुणा सोळाव्या शतकातल्या आहेत!"

खुणा सोळाव्या शतकातल्या होत्याच. बुरुजाची एक बाजू ढासळली होती. तिथले घडीव दगड नरहरीने पायाला वापरले होते. फुकटचे दगड कोण सोडतं?

"साहेब, तसं नाय..." नरहरी म्हणाला.

"मग कसं?" साहेबांनी मान वर केली.

नरहरीचं तोंड उघडं राहिलं. वाळू कुठली म्हणून सांगायचं? दगड कुठले? शैलेशने मागून त्याच्या सदऱ्याला हिसका दिला. नरहरीने तोंड मिटलं.

"हे लिंपण कुणी केलं?"

"मी," बायडी झाडू टेकवून म्हणाली.

"कुणाकडून शिकलात?"

"सासूकडून. तिला तिचे सासूनं शिकवलां."

साहेबांचे डोळे पाणावले. "परंपरा अखंड आहे!"

तेवढ्यात नागोराव गुडघे धरत पोचले. "हे तुमचंच ना, की माझ्या यादीत घेऊ?"

"खबरदार! हे आमच्या खात्याचं. मूळ वास्तू हीच. ते गुलाबी काय आहे?"

"अतिक्रमण."

"पाडा."

"पाडतो."

दोन्ही साहेबांनी एकमेकांशी हात मिळवले. मंदाने तळलेले बोंबील दोघांनी आवडीने खाल्ले आणि गाडी गेली.

संध्याकाळी नरहरीने पेढे वाटले. मंदाने पेढा घेतला नाही. "अहो, बुरूज जाणार ना?"

"जाऊ दे. बुरुजात कोण राहतं? रिसॉर्ट वाचलं ना आपलं!"

आणि हा माणूस पर्यटन विकास समितीचा अध्यक्ष.

आठव्या दिवशी टेम्पो आला. त्यातून माणसं उतरली, खड्डे खणले आणि रिसॉर्टच्या दारात निळी पाटी रोवली. संरक्षित स्मारक. आत राहणे, स्वयंपाक करणे, कपडे वाळत घालणे, खिळा मारणे गुन्हा आहे. तीन नंबरच्या खोलीत बोईसरचं एक कुटुंब सुरमई खात बसलं होतं. त्यांना ताटासकट बाहेर काढण्यात आलं.

नरहरी दुसऱ्याच दिवशी पालघरला साहेबाच्या टेबलासमोर उभा. "साहेब, चूक झाली. ते तेवढं जुनं नाय."

"मग कधीचं आहे?"

खरं सांगितलं तर नागोरावांची यादी. वाळूची केस. दगडांची केस वेगळी. नरहरीने मनातल्या मनात तिन्ही कोर्टं फिरून घेतली.

"सांगा ना," अनुजसाहेब म्हणाले. "असे फार लोक येतात आमच्याकडे. जागेच्या लोभापायी स्वतःचा वारसा नाकारतात. कधीचं आहे?"

"चारशे वर्षांचं हाय, साहेब," नरहरी पुटपुटला.

"साडेचारशे," साहेबांनी दुरुस्त केलं.

त्याच आठवड्यात बुरुजाशी जेसीबी लागला. पहिल्या घावाला डॉल्फिन पडले. दुसऱ्याला टाइल्स आणि गुलाबी गिलावा सरासर उतरला. तिसऱ्या घावाला जेसीबीचा दात तुटला. आतला काळा दगड होता तसा उभा. चौथा घाव घालायला दुसरा दात आणावा लागला असता, आणि त्याच्या मंजुरीचा कागद पालघरहून निघावा लागला असता. नागोरावांनी टॅबवर 'अतिक्रमण हटवले' असं लिहिलं आणि ते गुडघे चोळत निघून गेले. एवढ्या वर्षांत बुरुजाची खरी दुरुस्ती केली ती त्या जेसीबीने.

स्मारकाला राखणदार हवा होता. पारंपरिक लिंपण येणारी व्यक्ती, अशी अट साहेबांनी स्वतः घातली होती. बायडीला नेमणूक मिळाली, निळी साडी मिळाली, गळ्यात ओळखपत्र आलं.

नरहरीचा सगळा संसार अजून आतच होता. फ्रिज, गाद्या, मंदाची मोठी कढई. एका रविवारी तो निदान कढई तरी न्यावी म्हणून आला. दारात पर्यटकांची रांग होती. तो रांग सोडून पुढे घुसला तशी बायडीने काठी आडवी धरली.

"शेट, रांगत ये. आनि चपला भायेर."

"बायडी, अगं, मी हाय!"

"बघलाय मी. चपला भायेर."

नरहरीने चपला काढल्या. रांगेत मुंबईचे एक आजोबा होते, हातात वही. ते भिंतीकडे पाहून हळहळत होते. "काय काम होतं पूर्वीचं! आजचे कंत्राटदार बांधतील का असं? बाई, हे कुणी बांधलं?"

बायडीने भिंतीकडे पाहिलं. मग नरहरीकडे पाहिलं. तिने मनात आणलं असतं तर एका शब्दात सगळं सांगितलं असतं.

"यांना इचारा," ती म्हणाली. "हे समितीचं अध्यक्ष हायत. शेट, तूच सांग. कोनी बांधलां?"

रांग वळून पाहू लागली. आजोबांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं. नरहरीने एकदा सहा खोल्यांकडे पाहिलं, एकदा किनाऱ्याकडे, आणि घसा साफ केला.

"पोर्तुगीजांनी," तो म्हणाला.