मष्णूमामाच्या खपल्या

रात्री रानडुकरं येऊन दारातली जमीन उकरून गेली, तर आमच्या रामनगरच्या बाजूचा कुठलाही माणूस सकाळी आधी डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मष्णूमामा मात्र गुडघे टेकून ते खड्डे बघत बसला होता. मला बघून म्हणाला, "गुंडू, हिकडं ये. सगळं खड्डं एका मापाचं, एका दिशेचं. माणसापरीस डुक्कर बरं. हात एकसारखा चालतोय बघ."

त्याच डुकरांनी माझी रताळी फस्त केली होती. तसं मी म्हणालो. मामा म्हणाला, "व्हय, पर पद्धतशीर खाल्ल्यात."

अशा माणसाच्या शेजारी मी राहतो. तो माझा सख्खा मामा नव्हे, ही एक देवाची कृपा. सगळं गाव त्याला मामा म्हणतं. सगळी नोकरी त्याने बेळगावात एका गोल्फच्या मैदानावर माळी म्हणून केली. दांड्याने बॉल मारताना गवतासकट मातीचा जो तुकडा उडतो, त्याला मामा खपली म्हणतो. साहेब लोकांनी उडवलेल्या खपल्या जागेवर बसवायच्या आणि वरून माती दाबायची, हे त्याचं काम. नोकरी संपली, पण खपली काही सुटली नाही. कुणा साहेबाने निरोपाला दिलेला जुना दांडा आणि पिशवीभर बॉल घेऊन तो गावी आला, आणि माझ्या शेताच्या बांधाला लागून त्याने हरळी लावली.

हरळी! आमच्या बापजाद्यांच्या कमरा ती उपटून उपटून वाकल्या, आणि हा गृहस्थ तिला पाणी घालतो. ती बांध ओलांडून माझ्या भातात शिरते. मी तक्रार केली की मामा समजूत घालतो, "जरा धीर धर. दाट झाली की तुझ्या शेतातबी बॉल ठेवता येतील."

रोज सकाळी मामा हरळीवर बॉल ओळीने मांडतो, एकेक मारतो, आणि मग बॉल कुठे गेले ते बघतच नाही. बॉल माझ्या मिरच्यांत जातात, ते मी बघतो. मामा बघतो खपली उडाल्यावर जागेवर उरलेले खळगे. माती बॉलच्या पुढे सुटली तर घाव बरोबर, मागे सुटली तर आधी जमीन कुटली. खळग्याचं टोक डावीकडे वळलं तर दांडा बाहेरून आत आला. आणि एखादी खपली झकास आली म्हणून हुरळायचं नाही. "एक चांगली कुणालाबी मारता येतीया. ओळ बघायची, गुंडू, ओळ. समद्या एकीसारखी एक आल्या तर तो हात खरा. खपली खोटं बोलत न्हाई."

हे 'खपली खोटं बोलत न्हाई' मी इतक्यांदा ऐकलंय की मला मारुतीच्या देवळातल्या घंटेतही तेच ऐकू येतं. माझी कुदळसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नाही. भर कामात, गड्यांच्या समोर बांधावरून ओरडतो, "तुझी कुदळ डावीकडं पळतीया रं!" गडी हसतात. मग मीही मुद्दाम उजवीकडे मारायला जातो आणि कंबर धरते.

एकदा गणेशगुडीला बोटींतून नदीत उड्या मारायला आलेला एक पुणेकर वाट चुकून इकडे आला. गोल्फ खेळतो म्हणाला आणि सापडला. मामाने त्याला चार बॉल मारायला लावले, खळगे निरखले आणि गंभीरपणे सांगितलं, "बायकोशी भांडून आलायसा. पैल्यांदा फोन लावा." त्या बिचाऱ्याचं लग्नच झालेलं नव्हतं. मामा जराही ओशाळला नाही. "मग व्हईल तवा भांडंल," म्हणाला.

मामाची मुलगी सुमनअक्का बेळगावात असते. मामी गेल्यापासून 'आप्पा, माझ्याकडं चला' हा तिचा हेका. बापाकडूनच शिकलेली, त्यामुळे माहेरी आली की चहाच्याही आधी ती हरळीवर जाते आणि खळग्यांची ओळ बघते. ओळ सरळ असली की बापाची तब्येत ठीक. गणपतीला आली तेव्हा बापाच्या हातातली कपबशी वाजली. तेव्हा तिने ठरवूनच टाकलं, पुढच्या खेपेला ओळ बिघडलेली दिसली की सामान बांधायचं.

परवा सकाळी मी मिरच्यांतले बॉल त्याच्या अंगणात फेकायला गेलो, तर मामा हरळीवर बसून खळगे बुजवत होता. हे नवीन होतं. एरवी त्याचे खळगे दिवसभर प्रदर्शनाला उघडे असतात. मी वाकून बघितलं. इतकी वर्षं कान किटेपर्यंत ऐकलेलं वाया कसं जाणार? एक खळगा खोल, एक नुसता खरवडा, एक डावीकडे, एक बॉलच्या वीतभर मागे. माती दाबणारा हात थरथरत होता.

"सुमी उद्या येतीया," मामा म्हणाला. "जमीन साफ ठेवली तरी तिला कळतंय, उघडी ठेवली तरी कळतंय. तिच्या तिसऱ्या मजल्यावर माती कुठली रं? खपली काढायची तर फरशी फोडावी लागंल." मग दांडा माझ्यापुढे धरला. "तू मार. तुझ्या खपल्या माझ्या म्हणून दावतो."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मामा बेळगावला गेला असता, हरळी मी दोन दिवसांत उपटली असती, माझ्या मिरच्या वाचल्या असत्या. मी दांडा घेतला. कारण मला एकदम भीती वाटली, की उद्यापासून बांधावरून कुणी ओरडणार नाही.

मी मारल्या. सगळ्या डावीकडे पळाल्या. मामाला राहवेना. "खांदा! खांदा उघडतोयस! कोपर आत घे!"

"मामा, ह्या तुमच्या म्हणून दाखवायच्या आहेत. चुका काय काढताय?"

मामाने त्याचे न बुजलेले खळगे आणि माझे खळगे आळीपाळीने बघितले. मग खाली मान घालून म्हणाला, "ह्या माझ्या म्हणून खपायच्या न्हाईत. एक कर. माझ्या हायत त्याबी तुझ्याच म्हण." जन्मभर खपलीची साक्ष काढणारा माणूस मला खोटी साक्ष द्यायला सांगत होता. मी बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सुमनअक्का आली ती सरळ हरळीवर. मी हजर होतोच. "अक्का, मी शिकतोय," मी म्हणालो. "सगळ्या माझ्याच." मामा ओसरीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

अक्का उकिडवी बसली आणि एकेका खळग्यावरून बोट फिरवत गेली. मग कडेची माती ओंजळीत घेऊन ती खळगे बुजवायला लागली. सगळे नाही. मामाचे तेवढे नेमके शोधून बुजवले, वरून तळहाताने दाबले. माझे उघडे ठेवले.

उठून पदराला हात पुसले. मग त्याच पदराने डोळे पुसले की घाम, मला कळलं नाही. ओसरीकडे बघून म्हणाली, "आप्पा, उद्या डॉक्टरला दावून येऊया. सांजच्याला माघारी सोडते." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गुंडू, तुझा हात लई वाईट हाय. रोज सकाळी आप्पाकडं शिकायचं. एक दिस चुकवायचा न्हाई. मी आले की ओळ बघणार."

आता डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत. मामा खुर्ची टाकून बसतो आणि मी रोज सकाळी भाताचं काम सोडून, मीच ज्या हरळीला शिव्या देतो, तिच्यावर बॉल मांडतो. ओळ अजून डावीकडेच पळते. परवा चुकून दोन खळगे एकसारखे आले, तर मामा म्हणाला, "लगीच सुधारू नगंस रं. मग तू येणार न्हाईस."