हिवाळे सरांचा इग्निशन स्विच

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी विचार न करता सांगतो: जाफराबादच्या हिवाळे सरांचे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला माणूस. कॉलेजचा अर्ज सरांनी भरून दिला आणि शेवटच्या पेपरला ते जालन्याच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर तीन तास उभे राहिले. मी बाहेर येताच म्हणाले, "निरीक्षण सांग."

"सर, पेपर सोपा होता."

"हे अनुमान झालं. निरीक्षण सांग. किती प्रश्न सोडवले?"

सर विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांच्या हातून अजून काहीही घडलं की त्याचा प्रयोगच होतो. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्यावर ते स्वयंपाकही असाच शिकले. ओट्याशेजारच्या वहीत उद्देश, साहित्य, कृती असं सगळं नीट लिहिलेलं असतं. 'वांग्याचं भरीत, प्रयोग सातवा. निरीक्षण: पहिल्या घासाला पाहुणे गप्प झाले. अनुमान: मीठ राहिले.' त्या दिवशीचा पाहुणा मीच होतो.

असा हा माणूस जाफराबादच्या रस्त्यांवर लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्स कार चालवतो.

गाडी त्यांची नाही. संदीप नावाचा त्यांचा विद्यार्थी नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना गाडी सरांच्या दारात लावून म्हणाला, "सर, उभी राहिली तर सडेल. अधूनमधून चालवत जा." 'अधूनमधून' हा शब्द सरांना मोघम वाटला. त्यांनी दर रविवारी सकाळी आठ अशी वेळ ठरवून टाकली. वेग ताशी पंचवीस. सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर त्यांना हॉर्न देऊन पुढे जातो. गाडी इतकी बुटकी, की सर उतरतात तेव्हा आधी दार उघडतं, मग एक पाय बाहेर येतो, मग बराच वेळ काहीच येत नाही, आणि मग सर येतात.

"या वयात गल्लीबोळांतून लाल गाडी फिरवून राह्यले," लोक म्हणायचे. "शौक असावा तर असा." मलाही तो शौकच वाटायचा.

मग गाडीचा इग्निशन स्विच बिघडला. खड्ड्यात चाक आपटलं की इंजिन बंद, दिवे बंद, सगळे काटे शून्यावर. किल्ली थोडी हलवली की पुन्हा चालू. बिनखड्ड्याचा रस्ता आमच्याकडे नसल्यामुळे हा प्रयोग दर शंभर पावलांवर होत असे.

एकदा ती अरुंद पुलावर बंद पडली, आणि नेमका मागून एका पुढाऱ्याचा ताफा आला. आठ गाड्या थांबल्या. पांढऱ्या कपड्यांतले दोन कार्यकर्ते धावत आले.

"काका, मागणी काय आहे?"

"इग्निशन स्विच," सर म्हणाले.

एकाने ते लिहून घेतलं. दुसरा मागे जाऊन परत आला आणि म्हणाला, "साहेबांनी आश्वासन दिलंय. पंधरा दिवसांत मार्गी लागेल. आता आंदोलन मागं घ्या." सरांनी किल्ली हलवली, गाडी चालू झाली, आंदोलन मागे घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात 'निवृत्त शिक्षकाचा पुलावर ठिय्या' अशी बातमी आली. संध्याकाळी विरोधी बाजूचे लोक शाल घेऊन सरांच्या घरी आले. चौकात फ्लेक्सही लागला. त्यावर सरांचा फोटो लहान होता आणि शुभेच्छुकांचे मोठे.

ती बातमी मोबाइलवरून संदीपपर्यंत पोचली. त्याचा फोन आला तेव्हा मी सरांकडेच होतो. काही कागदपत्रांच्या कामासाठी पुण्याहून आलो होतो. आमचं जाफराबादचं घर आईला पुण्याला नेल्यापासून बंद आहे, म्हणून मी सरांकडेच उतरतो.

"सर, तुमच्या जिवाला धोका नको," संदीप म्हणाला. "रविवारी जालन्याहून माणूस पाठवतो. गाडी घेऊन जाईल. विकून टाकू."

सरांचा चेहरा इतका उतरलेला मी काकू गेल्यानंतर पाहिला नव्हता.

"आणि रविवारच्या आत दुरुस्त झाली तर?"

"तर ठेवा. पण परत बंद पडली तर नाही हं, सर."

नवा स्विच कुरिअरने शुक्रवारी आला. शनिवारी सकाळी सरांनी अंगणात सतरंजी अंथरली, स्क्रू ठेवायला वाट्या मांडल्या आणि वायरिंगचं काम करणाऱ्या रफिकभाईंना बोलावून खुर्चीवर बसवलं. हात मात्र लावू देईनात.

"मंग मला कशाला बुलावलं?" रफिकभाई म्हणाले.

"निरीक्षक म्हणून. प्रयोग ज्याचा त्यानंच करायचा असतो. बराबर?"

सरांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि मनगटावरच्या घड्याळात बघत पंधरा मिनिटं थांबले. एअरबॅगमधला करंट उतरायला वेळ लागतो, म्हणाले.

"आन् फुटली तर?" मी विचारलं.

"तर सरच्या गाडीला पयल्यांदा स्पीड येईल," रफिकभाई म्हणाले.

मग सर स्टिअरिंगखाली उलटे शिरले. पाय दाराबाहेर, डोकं पेडलपाशी. शेजारच्या काकूंनी ते पाय पाहिले आणि घाबरून तांब्याभर पाणी घेऊन आल्या. आतून आवाज आला, "ठीक आहे मी. प्रयोग करून राह्यलो." खालच्या कव्हरचे तीन स्क्रू निघाले, मग कुलपामागचे बारीक दोन, मग वायरींचा प्लग. प्रत्येक वाटीवर सरांनी खडूने नंबर घातला होता. शेवटी जुना स्विच बाहेर आला. आतली पितळी पट्टी काळी पडली होती आणि प्लास्टिक एकाच बाजूने झिजलं होतं.

"अनुमान?" सरांनी विचारलं.

रफिकभाई उठले. गाडीच्या किल्लीला लटकलेला किल्ल्यांचा जुडगा त्यांनी हातात तोलला. "अनुमान हे हाय, सर. एवढं वजन दर खेपेला कुलपाला लटकवून ठेवलं, मंग स्विच झिजणारच. नवा टाका, न्हाई तर सोन्याचा टाका. सहा महिन्यांत परत हेच."

सरांनी प्रयोगशाळेतला जुना तराजू काढून जुडगा मोजला. सहाशे चाळीस ग्रॅम. त्या जुडग्यावरून गावात सरांच्या कपाटांबद्दल पुष्कळ बोललं जाई. मी तो पहिल्यांदाच जवळून पाहिला. प्रत्येक किल्लीला डॉक्टरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर सरांचं सुवाच्य अक्षर: खरात, ठाणे. साळवे, हैदराबाद. जोशी, पुणे. एकीवर माझं नाव होतं.

बंद घरांच्या किल्ल्या होत्या त्या. जाताना प्रत्येकाने म्हटलं होतं, "सर, घराकडं लक्ष असू द्या," आणि मग विसरून गेला होता. मीही गेलो होतो.

"रविवारी एक चक्कर मारतो," सर जरा ओशाळून म्हणाले. "खिडक्या उघडतो, झाडतो, नळ सोडून बघतो. घराला हवा लागावी. चालत सगळी होत न्हाईत आता, गुडघे दुखतात."

"पण एकाच रिंगमध्ये कशाला?"

"एकत्र असल्या की कुणाचं घर राह्यलं का, ते कळतं."

इथे माझं शिक्षण मध्ये आलं. मी म्हणालो, "सर, माझी तरी काढून द्या. तेवढंच वजन कमी."

सरांनी रिंग उघडायला घेतली. ती घट्ट होती, त्यांचं नख मोडलं. किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाले, "बराबर आहे." बाकीच्या किल्ल्या गाडीपासून सुटून भिंतीवरच्या खिळ्याला गेल्या. नवा स्विच बसला, गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली, संदीपला फोन गेला, गाडी राहिली. मी समाधानाने पुण्याला परतलो.

तीन आठवड्यांनी रफिकभाईंचा फोन आला. "मिलिंदभाई, स्विच बराबर चालून राह्यला. पण एक सांगू का? दर रविवारी सर तुमच्या दारात गाडी थांबवतात. उतरत न्हाईत. पाच मिनिटं नुसते दाराकडं बघत बसतात, मंग निघून जातात."

त्या दिवशी मी सरांना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय सर,
सप्रेम जयभीम.

सोबत किल्ली पाठवत आहे. त्या दिवशी ती घेऊन मी घर उघडायलाही गेलो नाही, तसाच बसस्टँडवर गेलो. आईने विचारलं, घर कसं आहे? मी म्हणालो, ठीक आहे. तुम्ही झाडून ठेवलेलं असणार या भरवशावरच म्हणालो.

किल्ली गाडीला लावू नका, खिशात ठेवा. पुढच्या महिन्यात आईला घेऊन आठवडाभर राहायला येतो आहे. रविवारी तुमच्याबरोबर बाकीची घरं झाडायला येईन. गाडीत दोघंच मावतात, म्हणून आई म्हणते ती मागे थांबून भाकरी करील. आमचं घर शेवटी ठेवा. दार उघडंच असेल.

आपला,
मिलिंद