विकरमास्तर

मास्तर पहिला घास तोंडात घालत आणि डोळे मिटून चावत बसत. समाधी लागली म्हणावी, तर जबडा चालू. बऱ्याच वेळानं एक डोळा उघडून विचारत, "गोड लागली का?"

काय, तर भाकरी! बाजरीची, कोरडी.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी शेवगावात नोकरीला लागलो, त्यांच्या शेजारी खोली घेतली आणि जेवणही त्यांच्याकडेच लावलं. मास्तर शाळेत शास्त्र शिकवत. नव्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' हा शब्द आला आणि मास्तर त्याच्या प्रेमात पडले. गावानं मात्र ऐकला 'विकार'. "मास्तरला तोंडाचा इकार हाय म्हनं," असं आठवडेबाजारात झालं. एका म्हातारीनं तर अंगाऱ्याची पुडी आणून दिली.

मास्तर उसळत. "विकार नव्हे, विकर! विकर म्हणजे काडीमोड करून देणारा पंच. लाळेतला विकर भाकरीतल्या पिष्टाची साखळी तोडतो, साखर करतो, आणि स्वतः जसाच्या तसा पुढच्या दारात हजर! पण ज्याचं त्याचं गाव ठरलेलं. लाळेतला डाळीच्या भांडणात पडत नाही, ते जठरातला बघतो."

माझ्याकडे पंच पोहोचायच्या आतच दोन्ही पक्ष घशाखाली गेलेले असत. मला कधी भाकरी गोड लागली नाही.

आपल्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मास्तर आमच्याच पंगतीला बसवत. त्यांचा गोडावर फार जीव. पण नुकताच मधुमेह निघालेला, डॉक्टरांनी गूळ-साखर तोडलेली. मी राहायला आलो त्याच दिवशी मास्तरांनी गुळाचा डबा माझ्या खोलीत हलवला. तिथं तो फार टिकला नाही.

संक्रांतीला मी सवयीनं तिळगूळ वहिनींपुढे धरला. त्यांनी हात पुढे केला. मग दोघांनाही एकदमच आठवलं.

"ऱ्हाऊ द्या भावजी. नुसतं गोड बोला, झालं," म्हणत त्यांनी हात पदराला पुसला. हात कोरडाच होता.

मास्तर आत गेले. आदल्या दिवशीची भोगीची भाकरी उरली होती, तीळ लावलेली. तुकडा मोडून त्यांनी वहिनींच्या तळहातावर ठेवला.

"तिळगूळ घे, गोड बोल."

"आवं, ह्यात गूळ कुठं हाय?"

"तीळ भाकरीत आहेत. गूळ तुझ्या तोंडात आहे. चाव."

दोघं समोरासमोर बसून चावू लागले. मास्तरांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं एक डोळा उघडला, आणि इतक्या दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, की तो डोळा कायम वहिनींच्या बाजूचाच उघडायचा.

"गोड लागली का?"

वहिनींनी घास गिळला. पदर तोंडाला लावून हसल्या.

"लागली. लई गुनाचा हाय तुमचा इकार."

मास्तरांनी त्या दिवशी शब्द दुरुस्त केला नाही.