मध्यंतरापर्यंत सासूबाई आतच

सकाळी सासूबाई न्हाणीघरात कोंडल्या गेल्या आणि जावयाला आनंद झाला. सासूबाई आत असल्याचा नव्हे, दाराखालच्या फटीतून येणाऱ्या उजेडाचा.

"वा! काय फ्रेम आहे!" तो म्हणाला.

"जावईबापू, कडी अडकलीये! फ्रेम मेली जाऊ दे, आधी दार बघा!"

हा जावई सिनेमाचा दिग्दर्शक होता. म्हणजे एक सिनेमा त्याने काढला होता आणि तो पाहून बाहेर पडणारे लोक एकमेकांची नजर चुकवत होते. पण सिनेमावर त्याचं जिवापाड प्रेम. लग्नाची मागणी घालतानासुद्धा त्याने आधी मुलीला खिडकीकडे तोंड करून बसवलं होतं, चेहऱ्यावर प्रकाश नीट पडेना म्हणून. गोष्ट सांगण्याचा त्याचा एकच सिद्धान्त होता: महत्त्वाचं ते आधी सांगायचं नाही, ऐकणाऱ्याला तंगवायचं. या सिद्धान्तापायी ओळखीचे सगळे निर्माते पळाले होते. एकच उरला होता, आणि तो आज घरी कथा ऐकायला येणार होता. हाही पळाला, तर उद्यापासून मामेसासऱ्यांच्या गाद्यांच्या दुकानात बसायचं, असं बायकोने कामावर जाताना बजावलं होतं.

दिग्दर्शकाने दार ओढलं. मूठ हातात आली. मग त्याने किल्लीवाल्याला फोन लावला.

"हॅलो. एक बंद दार आहे. दारामागे एक बाई."

"कुलूप कसलं आहे, साहेब?"

"कळेल, कळेल. आधी ती बाई डोळ्यांसमोर आणा. वय झालेलं. हाका मारून घसा बसलाय. आणि बाहेर एक पुरुष उभा आहे. अगदी शांत."

पलीकडे किल्लीवाला जरा चाचरला. "तिला कोंडलं कुणी?"

"सुरेख प्रश्न! उत्तर मध्यंतरानंतर."

"अहो, पण ती जिवंत बाहेर येईल ना?"

दिग्दर्शकाच्या अंगावर काटा आला. असा रसिक त्याला उभ्या जन्मात भेटला नव्हता. "ते आत्ताच सांगितलं तर मजा काय राहिली?" असं म्हणून त्याने पत्ता दिला.

किल्लीवाल्याने तो पत्ता जसाच्या तसा पोलिसांना दिला.

पोलीस आला तो धापा टाकतच. मागोमाग जिन्यावर शेजारी जमले.

"बाई कुठाय?"

"सांगतो ना. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. काल संध्याकाळी..."

"अहो, कुणी आलंय का?" आतून सासूबाई कडाडल्या. "मला बाहेर काढा! जावई नुसते उजेड बघत बसलेत!"

पोलिसाने एका हाताने दिग्दर्शकाची मानगूट धरली आणि खांद्याने दाराला धडक दिली. दार उखडलं ते कोपऱ्यात सरकलेल्या सासूबाईंना चुकवून थेट नळावर पडलं. नळ तुटला, पाण्याचं कारंजं उडालं, आणि बघता बघता पाणी दिवाणखान्यात पोचलं. नेमके तेव्हाच निर्माते बूट हातात घेऊन उंबऱ्यावर उभे होते.

"काय झालं काय?" त्यांनी विचारलं.

दिग्दर्शकाने तोंड उघडलं. "तू गप्प!" पोलीस ओरडला आणि मुख्य नळ बंद करायला धावला.

मग सासूबाईंनीच सांगितलं, एका दमात. "कडी अडकली. यांना म्हटलं, माणूस बोलवा. यांनी त्या किल्लीवाल्याला अशी काही कथा ऐकवली, की त्याला वाटलं इथे खून पडतोय. आतून मला एकेक शब्द ऐकू येत होता हो! म्हटलं, मरते की काय मी आता मध्यंतराच्या आत!"

निर्माते ओल्या सोफ्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "मावशी, ही गोष्ट मी घेतली. ठरलं."

"आणि दिग्दर्शन?" दिग्दर्शकाने मान चोळत विचारलं.

"ते दुसरं कुणीतरी करेल. तुम्ही जावयाचं काम करा. पण एक अट. अख्ख्या सिनेमात तुम्हाला एकही वाक्य नाही. तोंड उघडलंत की बाहेर."

संध्याकाळी बायको चिखलातून पावलं उचलत घरात आली. "काय गं बाई हे! आणि निर्मात्यांचं काय? मिळाला का सिनेमा?"

दिग्दर्शक खिडकीशी गेला. पडदा अर्धा सारला. बाहेर बघत गंभीरपणे म्हणाला, "कलावंताच्या आयुष्यात एक क्षण असा येतो..."

"मिळाला गं, मिळाला!" स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या. "मुक्याचं काम आहे!"